काळवंडणारी चांदी आणि रेणूंची ओळख

देवघरातले चांदीचे निरांजन महिनाभर घासले नाही की काळवंडते. हवेत अत्यल्प प्रमाणात असलेली गंधकाची संयुगे चांदीला चिकटतात आणि तिच्यावर सिल्व्हर सल्फाइडचा काळा थर धरतो. घरात हा रांगोळीने किंवा टूथपेस्टने घासून काढण्याचा उपद्रव असतो. रसायनशास्त्राच्या नजरेने पाहिले तर मात्र तिथे एक संवेदक (सेन्सर) आपले काम चोख करीत असतो. हवेतल्या असंख्य रेणूंमधून चांदीने गंधकाचे रेणू निवडून धरलेले असतात आणि स्वतःचा रंग बदलून तसे कळवलेले असते. तक्रार इतकीच की ही खबर फार मोघम असते. नेमका कोणता पदार्थ आला, तो किती आला, त्याची रचना कशी आहे, यांपैकी काहीही निरांजन सांगत नाही.

चांदीकडून ही सगळी माहिती वदवून घेण्यासाठी अमेरिकेतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाचे रसायनशास्त्रज्ञ रिचर्ड व्हॅन डाइन यांनी जवळजवळ अर्धे शतक खर्च केले. १९४५ साली जन्मलेले व्हॅन डाइन नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातून डॉक्टरेट मिळवून १९७१ मध्ये शिकागोजवळच्या इव्हॅन्स्टन येथील या विद्यापीठात रुजू झाले आणि २०१९ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत तिथेच राहिले. नॅनोपदार्थांवर, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या अतिसूक्ष्म कणांवर व रचनांवर, आधारलेले रासायनिक आणि जैविक संवेदक हे आज एक प्रचंड क्षेत्र झाले आहे. त्याचे अंतरंग समजून घ्यायचे असेल तर सगळे क्षेत्र वरवर चाळण्यापेक्षा या एका माणसाच्या कामाचा माग काढणे अधिक उपयोगी ठरते, कारण त्या क्षेत्रातली जवळजवळ प्रत्येक मूलभूत अडचण त्यांच्या वाट्याला आलेली दिसते.

संवेदकाला दोन कामे करावी लागतात. हवा तो पदार्थ ओळखणे हे पहिले आणि ओळख पटल्याची खूण मोजता येईल अशा रूपात बाहेर पाठवणे हे दुसरे. औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या गर्भधारणा चाचणीच्या पट्टीत पहिले काम प्रतिपिंडे करतात आणि दुसरे काम बहुधा सोन्याचे अतिसूक्ष्म कण करतात. आपल्याला दिसणारी गुलाबी रेघ ही त्या कणांच्या गर्दीची रेघ असते. कोविडच्या घरगुती चाचण्यांमधली रेघही बहुतांशी याच जातीची होती. या पद्धतीत पदार्थ स्वतः काहीच बोलत नाही, त्याच्या वतीने प्रतिपिंड साक्ष देते. व्हॅन डाइन यांना रस होता तो रेणूची साक्ष थेट रेणूकडूनच घेण्यात, आणि त्यासाठी लागणारे तत्त्व भारतात सापडलेले होते.

चंद्रशेखर वेंकट रमण यांनी कोलकात्याच्या इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स या संस्थेत के. एस. कृष्णन यांच्यासह केलेल्या प्रयोगांतून २८ फेब्रुवारी १९२८ रोजी निष्पन्न झालेला परिणाम शाळेतल्या प्रत्येक विद्यार्थ्याला नावाने ठाऊक असतो, कारण तोच दिवस आपण राष्ट्रीय विज्ञान दिन म्हणून पाळतो. परिणामाचा आशय मात्र अनेकदा त्या दिवसाच्या भाषणांत हरवतो. प्रकाश एखाद्या रेणूवर पडून इतस्ततः विखुरतो तेव्हा बहुतेक सगळा प्रकाश आला त्याच रंगाचा राहतो. एक अगदी छोटा हिस्सा मात्र रेणूच्या अणूंना थरथरवून, म्हणजे आपली थोडी ऊर्जा तिथे ठेवून, बाहेर पडतो आणि त्यामुळे त्याचा रंग किंचित बदलतो. अणू एकमेकांना ज्या बंधांनी जोडलेले असतात ते बंध ठरावीक लयीतच कंप पावू शकतात, म्हणून रंगातले हे बदलही ठरावीक असतात. साखरेचा रेणू एका प्रकारे रंग बदलतो, मद्यार्काचा दुसऱ्या प्रकारे. बदललेल्या रंगांची ही पट्टी हा त्या रेणूचा अंगठ्याचा ठसाच असतो.

ठसा इतका पक्का असूनही अनेक दशके त्याचा संवेदकासाठी उपयोग होऊ शकला नाही, कारण तो अतिशय पुसट असतो. ढोबळमानाने विखुरलेल्या एक कोटी प्रकाशकणांमागे एखादाच कण अशी ओळख घेऊन येतो. १९६० नंतर लेसर उपलब्ध झाल्यावर परिस्थिती सुधारली, तरीही चमचाभर द्रवात पदार्थ भरपूर असेल तरच ठसा उमटे. रक्तातली साखर, पाण्यातले कीटकनाशक किंवा हवेतले जंतू यांचा माग काढायचा असेल तर पदार्थ चमचाभर असत नाही; तो दिसेनासा होण्याइतका विरळ असतो.

इथे चांदी येते आणि ती योगायोगाने येते. १९७४ मध्ये इंग्लंडमधील साउदॅम्प्टन विद्यापीठात मार्टिन फ्लाइशमन, पॅट्रिक हेंड्रा आणि जेम्स मॅक्क्विलन हे तिघे विद्युत-रसायनशास्त्राचा एक प्रश्न हाताळत होते. चांदीच्या इलेक्ट्रोडला चिकटलेले पिरिडिन या पदार्थाचे रेणू रमण परिणामाने दिसतात का, हे त्यांना पाहायचे होते. जास्तीत जास्त रेणू चिकटावेत म्हणून त्यांनी विद्युतप्रवाह उलटसुलट करून इलेक्ट्रोड चांगला खडबडीत केला. रेणू दिसले. पृष्ठभाग वाढला, म्हणून रेणू वाढले, म्हणून खूण मिळाली, असा सरळ अर्थ त्यांनी लावला. (हेच फ्लाइशमन पुढे १९८९ मध्ये ‘शीत संमीलना’च्या, म्हणजे साध्या तापमानाला अणुकेंद्रके एकत्र आणल्याच्या, फसलेल्या दाव्यामुळे जगभर गाजले, त्यांचे हे आधीचे, खरे ठरलेले काम त्या गदारोळात झाकले गेले, हे त्यांच्यावर अन्यायकारकच म्हणावे लागेल.)

व्हॅन डाइन त्या वेळी तिशीच्या आतबाहेरचे तरुण प्राध्यापक होते आणि विद्युत-रसायनशास्त्र व रमण वर्णपटशास्त्र यांची सांगड घालण्याच्या खटपटीत होते. साउदॅम्प्टनचा निबंध वाचून त्यांनी आणि त्यांचे विद्यार्थी डेव्हिड जीनमेअर यांनी केले ते वरकरणी कारकुनी वाटावे असे काम होते: त्यांनी हिशेब मांडला. इलेक्ट्रोडवर एका थरात किती रेणू मावतात, तेवढ्या रेणूंकडून किती प्रकाश यायला हवा आणि प्रत्यक्षात किती येतो आहे? उत्तर चक्रावणारे होते. येणारा प्रकाश अपेक्षेच्या एक लाख ते दहा लाख पट होता. खडबडीतपणामुळे क्षेत्रफळ वाढते खरे, पण ते काही पटींनी वाढते, लाखो पटींनी नव्हे. शिवाय इलेक्ट्रोड फार खडबडीत करण्याची गरजच नव्हती. अगदी हलक्या हाताने केलेला खडबडीतपणा उलट अधिक जोरदार खूण देत होता. म्हणजे वाढ रेणूंच्या संख्येत नव्हती. प्रत्येक रेणूचाच आवाज मोठा झाला होता.

हे निष्कर्ष १९७७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी इंग्लंडमधील केंट विद्यापीठातील ग्रँट अल्ब्रेख्त आणि ॲलन क्रायटन हे दोघेही स्वतंत्रपणे अशाच निष्कर्षाला आले. म्हणून या शोधाचे श्रेय सांगताना साउदॅम्प्टनने पाहिले आणि नॉर्थवेस्टर्न व केंटने ओळखले, असे म्हणणे मला रास्त वाटते. पृष्ठभागामुळे वाढलेल्या या रमण विकिरणाला (सरफेस-एनहान्स्ड रमण स्कॅटरिंग) संशोधक आद्याक्षरांवरून ‘सर्स’ म्हणतात. सार्स नावाच्या आजाराशी त्याचा काही संबंध नाही, हे नवख्या वाचकासाठी सांगून ठेवलेले बरे.

आवाज मोठा का होतो, या प्रश्नाचे उत्तर चांदीच्या आत आहे. धातूमध्ये काही इलेक्ट्रॉन मोकळे असतात. चांदीचा तुकडा जेव्हा पन्नास-शंभर नॅनोमीटरच्या आकाराचा असतो, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीच्या साधारण हजाराव्या भागाएवढा, तेव्हा त्याच्यावरून जाणारी प्रकाशाची लाट त्या सगळ्या मोकळ्या इलेक्ट्रॉनांना एकदमच मागेपुढे झुलवते. झोपाळ्याला त्याच्या स्वतःच्या लयीत झोके दिले तर थोड्या जोरात तो उंच जातो आणि अवेळी दिले तर जागीच डगमगतो. इलेक्ट्रॉनांच्या या झुल्यालाही स्वतःची लय असते आणि ती कणाचा आकार, त्याचे माप व भोवतालचा पदार्थ यांवर ठरते. चांदीच्या बाबतीत ही लय दृश्य प्रकाशाशी जुळते. लय जुळली की कणाच्या टोकांपाशी आणि दोन कणांमधल्या फटींत प्रकाशाचे विद्युत क्षेत्र अनेक पटींनी एकवटते. या कारणाकडे प्रथम ठामपणे बोट दाखवणाऱ्यांत कॅनडातील रसायनशास्त्रज्ञ मार्टिन मॉस्कोविट्स हे होते. त्यांचा निबंध १९७८ चा आहे.

आता हिशेब पाहू. समजा, चांदीच्या टोकापाशी क्षेत्र दहापट झाले. प्रकाशाची तीव्रता क्षेत्राच्या वर्गानुसार बदलते, म्हणून तिथे बसलेल्या रेणूवर शंभरपट प्रकाश पडतो. रेणू जो रंग बदललेला प्रकाश बाहेर टाकतो त्यालाही चांदीचा तोच कण एखाद्या ॲंटेनासारखा शंभरपट करून पाठवतो. शंभर गुणिले शंभर, म्हणजे दहा हजार. क्षेत्र दहाऐवजी तीसपट झाले तर गुणाकार ८,१०,००० वर जातो. लाखो पटींच्या वाढीमागे असे चौथ्या घाताचे गणित आहे. रेणू आणि चांदी यांच्यात होणाऱ्या रासायनिक देवघेवीचाही त्यात वाटा असतो, पण तो तुलनेने लहान मानला जातो.

याच गणिताची दुसरी बाजू मात्र संवेदक बनवणाऱ्याच्या मुळावर येते. क्षेत्रात थोडा फरक पडला तर खुणेत प्रचंड फरक पडतो. खडबडीत केलेल्या इलेक्ट्रोडवर कोणते टोक कुठे आणि कोणती फट किती रुंद, यावर कोणाचे नियंत्रण नसते. आज घेतलेले मापन उद्या दुसऱ्या तुकड्यावर जुळत नाही. ज्या उपकरणाचे आकडे दोनदा सारखे येत नाहीत त्याला प्रयोगशाळेत कुतूहल म्हणून स्थान असते, दवाखान्यात नसते. १९८० च्या दशकात या विषयाला आलेली मरगळ याच कारणाने होती, असे म्हटले तर ते वावगे ठरणार नाही.

व्हॅन डाइन यांच्या कारकिर्दीचा मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग इथून सुरू होतो. त्यांनी खडबडीतपणाला शिस्त लावायचे ठरवले. त्यासाठी त्यांच्या गटाने विकसित केलेली पद्धत आपल्याकडच्या रांगोळीच्या छापाची आठवण करून देणारी आहे. छापाच्या पत्र्याला भोके असतात, वरून रांगोळी भुरभुरली की ती भोकांतूनच खाली पडते आणि पत्रा उचलला की नक्षी मागे राहते. नॅनोमीटरच्या मापाचा छाप कोरणे महागडे आणि वेळखाऊ असते, म्हणून त्यांनी तो निसर्गाकडून करवून घेतला. पॉलिस्टायरीन या प्लास्टिकच्या एकसारख्या सूक्ष्म गोळ्या पाण्यात मिसळून तो थेंब काचेवर वाळू दिला की ताटात गोट्या खेटून बसाव्यात तशा त्या षटकोनी रचनेत एका थरात बसतात. तीन गोळ्यांच्या मध्ये जी जागा उरते ती त्रिकोणी असते. वरून चांदीची वाफ सोडायची, गोळ्या विरघळवून काढून टाकायच्या, की काचेवर चांदीच्या त्रिकोणांची आखीव नक्षी उरते. ४०० नॅनोमीटर व्यासाच्या गोळ्या घेतल्या तर त्रिकोण सुमारे १०० नॅनोमीटर रुंदीचे होतात. गोळीचे माप आणि चांदीच्या थराची जाडी बदलली की त्रिकोणाचे माप बदलते, आणि त्याबरोबर इलेक्ट्रॉनांच्या झुल्याची लय, म्हणजेच त्या काचेचा रंगही बदलतो. गोळ्यांचा छाप म्हणून वापर करण्याची कल्पना त्यांच्या आधीही काहींना सुचली होती. तिला मोजता येण्याजोगे, हुकमी तंत्र बनवणे हे जॉन हल्टीन आणि व्हॅन डाइन यांच्या १९९५ च्या निबंधापासून पुढे घडले. गोळ्या काढून न टाकता त्यांच्यावरच चांदीचा सलग थर चढवण्याचा दुसरा प्रकारही त्यांच्या गटाने भरपूर वापरला, आणि रमण मापनासाठी तोच अधिक सोयीचा ठरला.

या त्रिकोणांमुळे एक वेगळाच संवेदक हाती लागला, ज्याला रमण परिणामाची गरजही नव्हती. झुल्याची लय भोवतालच्या पदार्थावरही अवलंबून असते, हे वर आलेच आहे. मग त्रिकोणावर काहीही येऊन चिकटले की त्याचा रंग सरकायलाच हवा. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगांत गंधकाच्या टोकाने चांदीला धरून राहणाऱ्या, कार्बनची लांब साखळी असलेल्या रेणूंचा थर त्रिकोणांवर चढवला गेला. निरांजन काळे करणारी गंधकाची ओढ इथे रेणू पक्के बसवण्याच्या कामी आली. साखळीत कार्बनचा एक अणू वाढला की त्रिकोण ज्या रंगाचा प्रकाश सर्वांत जास्त अडवतात त्याची तरंगलांबी सुमारे ३ नॅनोमीटरने लाल टोकाकडे सरकत होती. एका त्रिकोणावर असे जेमतेम ६०,००० रेणू बसतात. केवळ एका अणूने लांब झालेली साखळी साध्या प्रकाशमापनात ओळखू यावी, हे वाचताना आजही थबकायला होते.

पुढच्या वर्षी अमांडा हेस आणि व्हॅन डाइन यांनी याच त्रिकोणांवर बायोटिन हे जीवनसत्त्व बसवून त्याला घट्ट धरणारे स्ट्रेप्टॅव्हिडिन नावाचे प्रथिन अत्यंत विरळ द्रावणातून पकडून दाखवले. त्यानंतर विद्यापीठातील सहकारी विल्यम क्लाइन यांच्यासह अल्झायमरच्या आजाराशी संबंध असल्याचे मानल्या जाणाऱ्या प्रथिनांच्या छोट्या पुंजक्यांचा शोध रुग्णांच्या मेंदूतील आणि मज्जाद्रवातील नमुन्यांत घेतला गेला. तो निबंध २००५ चा आहे. नमुने मोजके होते आणि ती निदानाची चाचणी नव्हती. ‘अल्झायमर ओळखणारी चांदी’ अशा थाटात अशा बातम्या येतात तेव्हा हा फरक नेमका गाळला जातो.

रक्तातल्या साखरेचे प्रकरण अधिक सविस्तर पाहण्यासारखे आहे, कारण तिथे चांदीची मर्यादा आणि संशोधकाची युक्ती या दोन्ही गोष्टी स्पष्ट दिसतात. मधुमेहाचा रुग्ण बोट टोचून पट्टीवर रक्ताचा थेंब ठेवतो तेव्हा ग्लुकोजची ओळख एक विकर, म्हणजे एन्झाइम, पटवते. विकर हे नाजूक प्रथिन असते आणि शरीराच्या आत दीर्घकाळ ठेवले तर त्याची कार्यक्षमता घटत जाते. ग्लुकोजचा स्वतःचा रमण ठसा वाचता आला तर मध्यस्थाची गरजच उरणार नाही, ही व्हॅन डाइन यांची कल्पना होती. पण ग्लुकोज हा सर्ससाठी जणू मुद्दाम निवडलेला वाईट रेणू आहे. त्याची रमण खूण मुळातच क्षीण असते, आणि त्याहून मोठी अडचण ही की त्याला चांदीचे काही आकर्षण नाही. तो पृष्ठभागावर येऊन बसत नाही आणि वाढीचा सगळा खेळ तर पृष्ठभागालगतच्या काही नॅनोमीटरमध्येच चालतो.

यावर त्यांनी काढलेला उपाय २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. चांदीवर त्यांनी आधी डेकेनथायॉल या रेणूंचा थर बसवला; इथेही धरून ठेवण्याचे काम गंधकाने केले. एखाद्या दाट गालिच्यासारखा उभा असलेला हा थर जवळून जाणाऱ्या ग्लुकोजला काही काळ आपल्यात सामावून घेतो आणि पुन्हा सोडतो. ग्लुकोज जेवढा वेळ त्या गालिच्यात असतो तेवढा वेळ तो चांदीच्या प्रभावक्षेत्रात असतो. शिवाय रक्तातल्या मोठ्या प्रथिनांना तिथे शिरकाव मिळत नाही. पुढे थराची घडण सुधारून गटाने असे संवेदक उंदरांच्या त्वचेखाली ठेवले. २००६ च्या प्रयोगात लेसर आत सोडण्यासाठी त्वचेत काचेची छोटी खिडकी बसवावी लागली होती. त्यानंतर खिडकीही गेली: प्रकाश त्वचेवर एका जागी टाकून परतणारा प्रकाश थोड्या बाजूच्या जागेवरून गोळा केला की त्वचेच्या वरच्या थराची खूण मागे पडते आणि खोलवरची वर येते, या युक्तीने २०११ च्या प्रयोगात अनेक उंदरांमध्ये १७ दिवसांहून अधिक काळ मापन करता आले. २०१६ मध्ये ग्लुकोजला नेमके धरणाऱ्या, बोरॉनयुक्त चिमट्यासारख्या रेणूंचा वापर करून हे काम आणखी पुढे गेले.

इतके होऊनही दंडावर चिकटवण्याचे जे साखरमापक आज बाजारात मिळतात ते मुख्यत्वे विकरावरच चालतात. सर्सची पद्धत प्रयोगशाळेबाहेर मधुमेहाच्या रुग्णापर्यंत पोहोचलेली नाही. लेसर, वर्णपटमापक आणि शरीरात ठेवायचा चांदीचा पृष्ठभाग या तिन्हींचा खर्च व टिकाऊपणा यांची स्पर्धा एका स्वस्त पट्टीशी आहे, आणि ती पट्टी दरम्यानच्या काळात स्वतःही सुधारत गेली. पहिला निबंध प्रसिद्ध होण्यापासून वस्तू दुकानात येण्यापर्यंतचे अंतर संशोधनाच्या बातम्यांत कधीच नीट दिसत नाही. या उदाहरणात ते मोजून पाहता येते.

काळवंडण्याचा जुना प्रश्न याच सुमारास पुन्हा डोके वर काढत होता. २००१ च्या शरद ऋतूत अमेरिकेत टपालातून अँथ्रॅक्सचे जिवाणू पाठवले गेले. त्यात पाच जणांचा मृत्यू झाला आणि सतरा जण आजारी पडले. संशयास्पद भुकटी सापडली की ती धोकादायक आहे की नाही हे घटनास्थळीच काही मिनिटांत कळावे, ही गरज त्यातून पुढे आली. अँथ्रॅक्सचे बीजाणू कॅल्शियम डायपिकोलिनेट हे संयुग मोठ्या प्रमाणात बाळगून असतात. व्हॅन डाइन यांच्या गटाने त्याच वर्गातल्या एका निरुपद्रवी जिवाणूचे बीजाणू घेऊन त्यांच्यातले हे संयुग बाहेर काढले आणि चांदी चढवलेल्या गोळ्यांच्या पृष्ठभागावर त्याचा ठसा घेतला. २००५ च्या निबंधानुसार ११ मिनिटांत सुमारे २,६०० बीजाणूंपर्यंत शोध लागत होता, आणि संसर्गासाठी १०,००० बीजाणू लागतात असे तेव्हा धरले जात होते. हातात नेण्याजोग्या उपकरणावरही तो प्रयोग यशस्वी झाला. चांदीचा तयार पृष्ठभाग मात्र ४० दिवसांपर्यंतच वापरण्याजोगा राहत असल्याचे त्यांनी नोंदवले होते. एखाद्या अग्निशमन केंद्रात वर्षभर पडून राहून गरजेच्या क्षणी उपयोगी पडावी, अशी ही वस्तू नव्हे.

निरांजनाला लाखेचा हात दिला तर ते काळे पडणार नाही, हे कोणीही सांगेल. अडचण अशी की सर्सचा प्रभाव पृष्ठभागापासून दूर गेले की झपाट्याने ओसरतो. चांदीवर ॲल्युमिनाचे, म्हणजे ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडचे, आवरण चढवत नेऊन गटाने हे मोजले होते: सुमारे २.८ नॅनोमीटर अंतरावर खूण एक दशांश होते. म्हणजे हवेला आत येऊ न देणारे पण रेणूला चांदीपासून दूर न लोटणारे, असे एक-दोन अणूंच्या थराएवढेच पातळ आवरण हवे. वाफेतून एकेक अणुथर चढवण्याच्या तंत्राने त्यांनी ते साधले. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या पृष्ठभागाचे आयुष्य निदान नऊ महिने होते, आणि ॲल्युमिना बीजाणूंतल्या संयुगाला चांदीपेक्षा चांगले धरून ठेवत असल्यामुळे संवेदनक्षमताही सुधारली. अशा कामाला मथळे मिळत नाहीत. पण ४० दिवसांचे नऊ महिने होणे हे मला अनेक चमकदार दाव्यांपेक्षा मोलाचे वाटते.

चमकदार दावा एका रेणूचा होता. १९९७ मध्ये दोन स्वतंत्र गटांनी चांदीच्या कणावरच्या एकुलत्या एक रेणूचा रमण ठसा मिळाल्याचे जाहीर केले आणि त्यासाठी वाढ कोटी कोटी पटींच्या घरात असल्याचे गणित मांडले गेले. रेणू खरोखर एकच होता की दोन-चार, हे कसे ठरवायचे? द्रावण फार विरळ होते, एवढाच पुरावा पुरेसा नव्हता. व्हॅन डाइन यांच्या गटाने २००७ मध्ये दिलेला पुरावा साधा आणि देखणा आहे. त्यांनी ऱ्होडामिन या रंगद्रव्याची दोन रूपे घेतली: एक नेहमीचे, आणि दुसऱ्यात काही हायड्रोजनच्या जागी जड हायड्रोजन, म्हणजे ड्युटेरियम. दोन्ही रूपे रासायनिकदृष्ट्या सारखी, चांदीला चिकटण्याची क्षमताही सारखी. फक्त जड अणू सावकाश थरथरतात म्हणून ठसा वेगळा. दोन्ही समप्रमाणात मिसळून अतिशय विरळ द्रावण केले. एका कणावर अनेक रेणू बसत असते तर प्रत्येक ठिकाणी दोन्ही ठसे मिसळून दिसले असते. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी एकतर हा किंवा तो, असा एकच ठसा दिसला. रेणू एकेकटे होते, हे वादापलीकडे गेले. वाढीचे जुने अवाढव्य आकडे मात्र याच काळात अनेक गटांनी नव्याने तपासून बरेच खाली आणले.

शेवटच्या दशकातील त्यांच्या कामाचा एक धागा वस्तुसंग्रहालयात गेला. तैलचित्रांतले जुने तांबडे रंग अनेकदा किडे किंवा मुळे यांच्यापासून काढलेले असत. अशा रंगांना इंग्रजीत ‘लेक’ म्हणतात आणि या शब्दाचे मूळ आपल्या ‘लाख’ या शब्दात आहे. लाखेच्या किड्यापासून निघणारा तांबडा रंग भारतातूनच तिकडे गेला होता. हे सेंद्रिय रंग उजेडात फिके पडतात. ते ओळखायचे तर नमुना अगदी कणभरच मिळतो, कारण चित्राला धक्का लावायचा नसतो. त्यावर साध्या रमण पद्धतीचे काही चालत नाही, कारण लेसर पडताच हे रंग स्वतःच झगझगून चमकू लागतात आणि त्या चमकेत पुसट ठसा बुडून जातो. चांदी इथे दुहेरी उपयोगी पडते: ती ठसा वाढवते आणि तिला चिकटलेल्या रेणूची चमक विझवतेही.

शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमधील वैज्ञानिक फ्रांचेस्का कसादिओ यांच्याबरोबर व्हॅन डाइन यांनी हे तंत्र कलाकृतींसाठी घडवले. अमेरिकन चित्रकार विन्स्लो होमर यांच्या १८८७ च्या एका जलरंगचित्रातले आकाश आता जवळजवळ पांढरे दिसते; तिथल्या कागदात अडकून राहिलेल्या रंगकणांवरून ते मुळात सूर्यास्ताचे तांबूस आकाश होते, हे उघड झाले. फ्रेंच चित्रकार रेन्वार यांनी १८८३ मध्ये काढलेल्या मादाम लेओन क्लापिसाँ यांच्या व्यक्तिचित्राची चौकट काढली तेव्हा चौकटीखाली उजेडापासून वाचलेल्या कडेवर भडक तांबडा रंग दिसला, तर उरलेल्या पार्श्वभूमीवर थंड निळसर-करडी छटा होती. त्या कडेच्या रंगाचा एक सूक्ष्म कण चांदीच्या साहाय्याने तपासल्यावर तो कोचिनियल किड्यांपासून काढलेला कार्माइन असल्याचे ठरले. हे किडे अमेरिका खंडातले, आपल्या लाखेच्या किड्याचे लांबचे नातलग. मग संग्रहालयाने संगणकावर चित्राचे मूळ रंग पुन्हा उभे केले आणि २०१४ च्या प्रदर्शनात मूळ चित्र व ही प्रतिमा लोकांपुढे ठेवली. प्रतिमेतल्या मादाम क्लापिसाँ यांच्यामागे तांबड्या रंगाचा भडका आहे. मूळ कॅनव्हासला कोणी हात लावला नाही. तो आजही फिकाच आहे.